माळवदावरची सरकारी माती

स्टुलावर उभा राहून मी तुळईला कान लावला होता आणि खाली चाळीस पोरी माना वर करून बघत होत्या. आमचे उपअभियंता साहेब दारात उभे होते. आत यायची त्यांची तयारी नव्हती.

"जाधव, काय म्हणतंय?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

"अजून तरी काही नाही, साहेब."

"मग उतरा खाली. काही नाही असं लिहून टाका."

तेवढ्यात तुळईतून आवाज आला. आधी लांबलचक कर्रर्र, मग एक टक्. कान लाकडालाच लावलेला होता म्हणून मला तो जरा मोठा ऐकू आला असेल. पण मी खाली उतरलो तेव्हा साहेब दारातही नव्हते, अंगणात लिंबाखाली होते, हेही खरं.

हे सेनगावचं. हिंगोली जिल्हा नवा झाला होता आणि आमच्या लेटरहेडवर अजून परभणीच छापलेलं होतं. आम्ही ते पेनानं खोडून वर हिंगोली लिहायचो. मी शाखा अभियंता होतो. खात्याचं नाव सांगत नाही. भिंत पडल्यावर ज्याला फोन येतो ते खातं, एवढं समजा. आणि हे घर म्हणजे एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. पोरी सगळ्या आसपासच्या तांड्यांवरच्या. घर बापूरावांचं, चालवणार संस्था आणि डागडुजी आमच्याकडे. एका घराला तीन मालक असले की त्याच्याकडे कुणीच बघत नाही. इथं उलटं झालं. सगळ्यांनीच बघितलं, आणि त्यानंच घोटाळा झाला.

घर माळवदाचं होतं. माळवद म्हणजे मातीचं धाबं. खाली सागवानी खांब, खांबांवर आडव्या जाड तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. ही माती पाणी खाली झिरपू देत नाही, पण पावसात धुपते, म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी ती नव्यानं पसरायची. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. एवढंच माहीत असतं, ही खरी अडचण.

नऊ वर्षांपूर्वी बापूराव समोरच्या नव्या घरात राहायला गेले आणि हे घर त्यांनी वसतिगृहाला दिलं. मधली भिंत पाडून मोठी खोली केली, मोरी वाढवली, खिडक्यांना गज लावले. तो नकाशा मी काढला होता. नोकरीत नवा होतो, पेन्सिलीला टोक फार होतं. ते पुढे येईलच.

वसतिगृहाच्या गृहपाल होत्या राठोड बाई. स्वतः तांड्यावरच्याच, शिकून डीएड झालेल्या. आवाजाचे त्यांनी आमच्या ऑफिसला तीन अर्ज केले होते. पहिल्यावर साहेबांनी शेरा मारला, 'आवाज ही बांधकामाची बाब नाही.' दुसऱ्यावर, 'उंदरांबाबत संबंधित विभागाशी पत्रव्यवहार करावा.' संबंधित विभाग कोणता, हे मला आजही माहीत नाही. तिसरा अर्ज बाईंनी थेट जिल्ह्याला पाठवला, म्हणून आम्ही त्या दुपारी तिथं होतो.

साहेब लिंबाखाली उभे राहून म्हणाले, "बाई, चाळीस पोरी आहेत. धिंगाणा घालत असतील. घर हलणारच."

"दुपारी पोरी शाळेत असतात साहेब," बाई म्हणाल्या. "आज तुमी येणार म्हणून थांबवल्या. आवाज दुपारीच येतो. मी लिहून ठेवलंय."

त्यांनी शंभरपानी वही पुढं केली. मी उघडली आणि उघडीच धरून उभा राहिलो. तारीख, वेळ, कोणत्या तुळईतून, कसा आवाज. 'अडीच वाजता, मधली तुळई, कर्र.' 'तीन वाजून दहा मिनिटं, टक्. वरून माती पडली, दोन चिमट्या.' 'आज मागचं दार लागलं नाही. सुताराला बोलावलं. दार तासलं.' पुढं महिन्याभरानं पुन्हा, 'दार लागलं नाही. तासलं.' असं चारदा. माझ्या दहा वर्षांच्या नोकरीत एवढी नीट ठेवलेली नोंद मी आमच्या ऑफिसात पाहिली नव्हती. आमची स्वतःची मोजमाप वही सुद्धा बघण्यासारखी नव्हती.

"वही राहू द्या," साहेब म्हणाले. "टेक्निकल काय ते बोला, जाधव."

टेक्निकल म्हणून मी काच लावली. सोपी गोष्ट आहे. भिंतीला तडा गेलेला असला की त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवायची. तडा वाढत असेल तर काच ओढली जाते आणि फुटते. शाबूत राहिली तर तडा जुना आहे, भिंत निवांत आहे. मधल्या तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरत होतं, तिथं खाली बोट जाईल एवढा तडा होता. मी त्यावर काच लावली आणि पंधरा दिवसांनी येतो म्हणालो.

पंधरा दिवसांनी आलो. काच शाबूत. महिन्यानं आलो, तेव्हाही शाबूत. साहेब एकदम खूश.

"बघा, मी म्हणत नव्हतो? लिहा, इमारत स्थिर आहे."

मी खरोखर लिहायला घेतलं होतं. बाईंनी काही वाद घातला नाही. फक्त मागच्या दारापाशी नेलं आणि म्हणाल्या, "हे लावून दाखवा साहेब." मी ढकललं. खांदा लावला. दार चौकटीत चार बोटं अलीकडं अडकलं. पाचव्यांदा तासायचं तर आता लाकूडच उरलं नव्हतं. मी एकदा त्या दाराकडं बघत होतो आणि एकदा काचेकडं. दार सांगत होतं घर वाकतंय, काच सांगत होती सगळं ठीक आहे. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं आणि दाराला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं.

तेवढ्यात बापूराव आले. पासष्टीचे गृहस्थ, धोतर, वर स्वच्छ पांढरी टोपी. मनानं अतिशय चांगला माणूस, हे आधीच सांगून ठेवतो.

"इंजिनेरसाहेब, तुमची काच मी जपून राहिलो बरं," ते म्हणाले. "काही काळजी करू नका."

"जपून म्हणजे?"

"आता सरकारी वस्तू म्हणल्यावर. तडकली का आपली दुसरी बसवतो. हुबेहूब तशीच. फोटोफ्रेमवाल्याकडून कापून आणली."

मी विचारलं, "किती वेळा बदलली?"

"तीनदा. अन् तडा बी बुजवला मधी, लई घाण दिसत व्हता. फिरून पडला."

मी तिथल्याच पायरीवर बसलो. काय करणार. मनुष्य इतक्या प्रेमानं सांगत होता की रागावताही येईना. महिन्याभरात तीन काचा फुटल्या होत्या. म्हणजे भिंत निवांत नव्हतीच, ती रोज थोडी थोडी उघडत होती आणि बापूराव तिला फोटोफ्रेमच्या काचा पुरवत होते.

दुसऱ्या दिवशी मी गफूर मिस्त्रीला घेऊन गेलो. गफूर म्हणजे त्या भागातला जुना गवंडी. त्याच्या हातात ओळंबा असला की मी माझी डिग्री खिशात ठेवायचो. आम्ही थेट माळवदावर चढलो. बापूरावही मागोमाग आले.

माळवदाला चहूबाजूंनी विटांचा कठडा होता. बापूराव त्यावर टेकले आणि म्हणाले, "घर जुनं झालं का बसतं बघा, साहेब. मी लेकरू व्हतो तवा ह्यो कठडा माझ्या गळ्याला लागायचा. लग्नाच्या वक्ताला मांडीपातूर व्हता. आता बघा, घोट्याला आला. दरसाली खाली बसून राहिला."

गफूरनं माझ्याकडं बघितलं. मी गफूरकडं बघितलं.

"बापूसाब," गफूर म्हणाला, "कठडा कुटं बसत असतो व्हय? कठडा हाय तितंच हाय. माळवद वर आलं."

त्यानं पहार मारली आणि आम्ही चौकोनी खड्डा खणत गेलो. माती संपेना. हात आत कोपरापर्यंत गेला तरी फळी लागेना. खड्ड्याच्या कडेला रेघा दिसत होत्या. एक पांढुरकी, एक पिवळसर, एक पांढुरकी, एक पिवळसर. पांढुरकी माती बापूरावांची, त्यांच्या शेताजवळच्या पांढरीतली, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडातली. पिवळसर आमच्या ठेकेदाराची, पुसेगावच्या बाजूनं आणलेली. करारात लिहिलं होतं की मालकानं दरवर्षी माळवदाला माती द्यावी. बापूराव सरळ माणूस, ते देत होते. आमच्या वार्षिक दुरुस्तीच्या एस्टिमेटमध्ये पहिलाच आयटम होता, 'माळवदावर पांढऱ्या मातीचा थर देणे.' आम्हीही सरळ, आम्हीही देत होतो. ते मृगाच्या आधी, आम्ही मार्चअखेर. नऊ वर्षं, वर्षाला दोन थर.

"पूर्वी जुनी माती काढत नव्हता का?" मी बापूरावांना विचारलं.

"काढत व्हतो की. आधी खरवडायचं, मग नवी टाकायची. माझा बाप कठड्यावर खूण करून ठेवायचा, तितल्या वर जाऊ द्यायचा न्हाई. पण तुमची माती सरकारी. ती कशी खरवडायची? उद्या कुणी म्हणलं बापूरावनं सरकारी माती चोरली, मग?"

आमचा ठेकेदारही काढत नव्हता, कारण एस्टिमेटमध्ये टाकण्याचा आयटम होता, काढण्याचा नव्हता. आणि त्या नऊही एस्टिमेटांखाली सही माझी होती. मी दरवर्षी मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून उतरवून काढत होतो. वर चढून कठडा बघावा, हे मला एकदाही सुचलं नाही.

मी तिथंच हिशेब केला. नऊ वर्षांत चढलेली माती दीड फुटाच्या आसपास. त्या एका खोलीच्या डोक्यावर भरलेले चार ट्रक उभे केले तर जेवढं वजन होईल तेवढं होतं. आणि खाली चाळीस खाटा.

"साहेब, एक खांब कमी हाय इतं," गफूर हळूच म्हणाला. खाली उतरून त्यानं फरशीवर पाय आपटून दाखवला. मधल्या तुळईच्या बरोबर खाली खांबाचा दगड अजून जमिनीत होता. वर खांब नव्हता.

हे मला माहीत होतं. तो खांब मी काढला होता. नऊ वर्षांपूर्वी चाळीस खाटा दोन ओळींत बसेनात, खांब मधे येत होता. मी नकाशावर त्याला गोल करून 'हटवावा' लिहिलं. तेव्हाही मिस्त्री गफूरच होता. तो म्हणाला होता, "नको साहेब, पूरा बोजा त्याच्यावर हाय." मी त्याला नकाशा दाखवून म्हणालो होतो, कागदावर आहे ना, मग कर. गफूरनं आज त्याची आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

ऑफिसात जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. म्हणालो, "माती लगेच उतरवावी लागेल, साहेब. आभाळ येतंय. अवकाळी पाऊस झाला तर ती माती पाणी पिईल आणि वजन अजून वाढेल."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "माती आपली आहे ना?"

"अर्धी आपली, अर्धी बापूरावांची."

"मग आपली अर्धी काढायला मंजुरी लागेल. मोजमाप वहीत चढलेली आहे ती. मालमत्ता झाली. निर्लेखनाचा प्रस्ताव करा." निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तू निकामी झाली म्हणून रीतसर रजिस्टरातून कमी करणं. खुर्ची, पंखा, टाइपरायटर यांचं करतात. मातीचं करतात हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"आणि तोवर?"

"तोवर बापूरावांना म्हणावं, तुमची तुम्ही काढून घ्या."

"साहेब, त्यांच्या प्रत्येक थरावर आपला थर आहे."

साहेबांनी जरा विचार केला. "मग इमारत धोकादायक आहे असं लिहा. हॉस्टेल बंद करतील. आपली जबाबदारी संपली."

हे सोपं होतं. एक ओळ लिहायची, सही करायची. मी रिपोर्ट घेऊन राठोड बाईंकडं गेलो, त्यांना आधी सांगावं म्हणून. त्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी कागद परातीशेजारी ठेवला.

"साहेब, धोकादायक लिहिलं तर संस्था उद्याच कुलूप लावंल. त्येस्नी निमित्तच पाहिजे. यातल्या निम्म्या पोरींचे आईबाप ऊसतोडीला गेलेत. तांड्यावर म्हातारी माणसं. हॉस्टेल बंद झालं का पोरगी ट्रकात बसून फडावर जाणार. अकरा जणींची दहावी हाय, परीक्षा महिन्यावर आली. एकदा कोयता हातात घेतला का परत येत न्हाईत. मी बघितलंय. माझ्या दोघी बहिणी आल्या न्हाईत."

"आणि माळवद खाली आलं तर?"

"म्हणून तर दोन वर्षं वही लिहून राहिले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मला फार लाज वाटली.

मग त्यांनी रिपोर्टातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'रूपांतराच्या वेळी मधला खांब काढला गेला असल्याचे दिसून येते.'

"हा कुणी काढला?"

असं वाक्य सरकारी कागदात आम्ही रोज लिहितो. खांब काढला जातो, फाईल हरवली जाते, कुणी काही करत नाही. मी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'मधला खांब माझ्या सूचनेवरून काढला. ती चूक होती.' खाली नाव लिहिलं. धोकादायक शब्द खोडला आणि त्या जागी 'माळवदावरील जादा माती उतरवून व खांब पूर्ववत बसवून इमारत वापरण्यायोग्य करता येईल' असं लिहिलं. ते खरंही होतं.

मंजुरी नव्हती. पण दुरुस्तीच्या नियमात एक वाक्य आहे, सामान सुरक्षिततेसाठी तात्पुरतं हलवता येतं. मी साहेबांना नोट टाकली, 'शासकीय माती पावसापासून सुरक्षित राहावी म्हणून तात्पुरती आवारात हलवीत आहे.' साहेबांनी वाचली. माती पावसापासून वाचवायची हे त्यांना अगदी पटलं. सही केली.

पोरींना तीन दिवस शाळेच्या वर्गांत झोपायला पाठवलं. गफूरनं आधी खोलीत बल्ल्यांचे टेकू दिले, मगच कुणाला वर चढू दिलं. बाईंनी निरोप धाडले होते. ऊसतोडीला न गेलेली तांड्यावरची माणसं आली, बायका आल्या, म्हातारेही आले. घमेली हातोहात खाली येऊ लागली. बापूराव अंगणात दोन ढीग करून उभे. पांढुरकी माती आपल्या ढिगात, पिवळसर सरकारी ढिगात. एक घमेलं चुकीच्या ढिगात पडलं तर ते स्वतः वाकून माती उचलून इकडची तिकडं करायचे. मी म्हटलं राहू द्या. म्हणाले, "न्हाई साहेब, हिशेब बराबर पाहिजे."

मधला खांब त्यांच्याच गोठ्यात सापडला. नऊ वर्षं त्याला बैल बांधत होते. बैल सोडला, खांब धुतला, आणला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची घमेली उतरत होती तेव्हा घरातून आवाज सुरू झाले. असे आवाज मी कधी ऐकले नव्हते. प्रत्येक तुळई कुरकुरत होती, टक् टक् करत होती. माणसं घमेली टाकून अंगणात पळाली. बापूरावांनी टोपी काढून हात जोडले. मीही लिंबाखाली जाऊन उभा राहिलो, खोटं कशाला बोलू. गफूर तेवढा आत उभा होता, मान वर करून.

"काय न्हाई," तो म्हणाला. "ओझं उतरलं. लाकूड सीधा होऊन राहिलं."

लाकूड वजनाखाली वाकतं आणि वजन गेलं की थोडं परत येतं, हे मी पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. राहत्या घरात ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासानं सगळं शांत झालं आणि गफूरनं खांब त्याच्या जुन्या दगडावर बसवला. राठोड बाई मागच्या दाराशी गेल्या आणि दार ओढलं. ते चौकटीत अलगद बसलं. चारदा तासल्यामुळं आता बाजूनं बोटभर फट राहिली होती, पण दार लागलं. बाईंनी कडी घातली, काढली, परत घातली. मग पदर तोंडाला लावून त्या तिथंच बसल्या. बायकांपैकी कुणीतरी त्यांना पाणी दिलं.

तिथल्या अकराही जणींनी दहावीची परीक्षा दिली. सातजणी पास झाल्या, चौघी ऑक्टोबरला बसल्या. फडावर कुणी गेली नाही. ज्या दिवशी पहिला पेपर होता, त्या दिवशी वहीत बाईंनी लिहिलं होतं, 'आवाज नाही.' त्यानंतर वही कोरी आहे.

मला खांबाबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या सर्व्हिस बुकात आहे. ती मला मान्य होती आणि आहे. नऊ वर्षं टाकलेल्या मातीबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. उतरवलेल्या मातीबद्दल मात्र चार वर्षं विचारत राहिले. तपासणीत शेरा आला, 'आवारात हलवलेली शासकीय माती प्रत्यक्ष पाहणीत आढळून आली नाही.' ती आढळत नव्हती, कारण राठोड बाईंनी त्यावर मेथी आणि वांगी लावली होती. मी खुलासा लिहिला, 'माती जागेवर आहे. वरील भाजी संस्थेची आहे.' तो मान्य झाला.

पुढं वसतिगृहाची स्वतःची पक्की इमारत झाली. वर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब. मी ताबा देऊन ऑफिसात आलो तर टेबलावर त्या नव्या इमारतीचं पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचं एस्टिमेट सहीसाठी पडलं होतं. नव्यानं लागलेल्या कारकुनानं जुन्या फाईलवरून स्वच्छ अक्षरात उतरवलं होतं. आयटम नंबर एक, 'माळवदावर पांढऱ्या मातीचा थर देणे.'

मी टोपी घातली आणि आधी स्लॅबवर जाऊन कठडा मोजून आलो. मग तो आयटम खोडला. तेव्हापासून मी एकच शिकलो आहे. सही करायच्या आधी जिना चढायचा.